एक जूनला जन्मलेल्या आज्या: वाचकांचे प्रश्न

नव्वदी-शंभरी गाठलेली, देवधर्म आणि दानधर्म करत जगलेली घरातली बाई गेली, की तिची आठवण कशी राखायची, याविषयीचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत ‘प्रेमळ, धार्मिक, दानशूर’ हे तीन शब्द होते आणि पत्र तिथेच अडले होते. ते पुढे जावे यासाठी उत्तरे मुद्दाम बारकाव्यात शिरून दिली आहेत.

आजी गेल्या महिन्यात गेली. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९३५. काका म्हणतात ती शंभरीची होती, आत्या म्हणते पंच्याण्णव. श्रद्धांजलीत वय किती छापायचे? (बार्शी)

१ जून ही तारीख आधी बाजूला ठेवा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. नाव घालायला आलेल्या मुलाची जन्मतारीख आईबापांना सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांच्या फॉर्मवरही भरणाऱ्यांनी हीच सवय चालवली. साल तरी खरे असेल असे धरू नका, तेही अंदाजेच असते.

वय ठरवायला किमान तीन खुंट्या शोधा. पहिली खुंटी थोरल्या मुलाची. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, किंवा त्याहून चांगले म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद काढा. समजा तो १९४७ चा निघाला. मग आजी १९३५ ची असेल तर बाराव्या वर्षी आई झाली असे होईल. इथेच आधारची तारीख बाद. पहिले मूल सतरा-अठराव्या वर्षी झाले असे धरले तर जन्म १९२९-३० चा येतो, म्हणजे आत्याचे म्हणणे जुळते. पण त्याआधी एक प्रश्न घरातल्या जुन्या बायकांना हळूच विचारा: थोरल्याच्या आधी एखादे मूल दगावले होते का? त्या पिढीत असे पुष्कळ घरांत घडले आणि पुरुषमंडळींना ते बहुधा ठाऊक नसते. दोन मुले गेली असतील तर आजीचे वय चार-पाच वर्षांनी वाढेल आणि काकांचे म्हणणे खरे ठरू शकेल.

दुसरी खुंटी मोठ्या घटनांची. तुमच्या भागात मे १९३० मधला सोलापूरचा मार्शल लॉ, रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, १९७२ चा दुष्काळ या घटना कामाच्या. पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, कराड-पाटणकडच्यांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. ‘तेव्हा ती किती वर्षांची होती’ असे विचारू नका, उत्तर चुकते. ‘तेव्हा तिच्या कडेवर कोण होते, ती माहेरी होती की सासरी, स्वयंपाक तिच्या हातात आला होता का’ असे विचारा. ऐकीव आणि स्वतः पाहिलेले यात गफलत करू नका. मार्शल लॉबद्दल ती नुसती बातमी सांगायची, की दार लावून घरात बसवले होते, रडल्यावर चापट मिळाली होती, असे बारीकसारीक सांगायची? दुसरे असेल तर १९३० साली ती पाच-सहा वर्षांची असणार.

तिसरी खुंटी मताची. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदानाचे वय २१ होते, १८ झाले ते १९८९ मध्ये. तिने पहिल्या निवडणुकीत मत दिले असेल तर जन्म १९२९ किंवा त्याआधीचा. यादीत नाव नव्हते यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

कागद हवाच असेल तर माहेरच्या गावच्या तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बाळाचे नाव बहुतेक नसते, बापाचे नाव आणि ‘मुलगी’ एवढेच असते. तेव्हा आजीच्या सगळ्या भावंडांची उतरंड आधी लिहून न्या. आजी नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाऊन आली असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहा. त्या कुळाच्या आडनावावरून आणि मूळ गावावरून शोधतात. कोण कोणाबरोबर कधी आले, हे तिथे सापडण्याची चांगली शक्यता असते.

जुन्या पत्रिकेत शके असेल तर ७८ मिळवा, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या जन्माला ७९ मिळवायचे. शके १८५० चा माघ म्हणजे १९२८ नव्हे, १९२९. घरोघर होणारी चूक हीच.

एवढे करूनही दोन-तीन वर्षांचा फरक उरला तर ‘जन्म अंदाजे १९२८–३०’ असे छापा. खोटी नेमकी तारीख छापण्यापेक्षा हे शतपटीने बरे. दहा वर्षांनी पतवंडे तुमचाच कागद पुरावा म्हणून धरणार आहेत.

सासूबाई पुण्यात वारल्या, आम्ही न्यू जर्सीत. वर्षश्राद्धाची तिथी इंटरनेटवर पाहिली तर एक महिना पुढची दाखवते. कोणती खरी?

तिथी एकच आहे, महिन्याचे नाव वेगळे आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिना तोच असतो, पण वद्य पक्षात उत्तरेकडचे नाव एक महिना पुढे जाते. आपल्या जन्माष्टमीला आपण श्रावण वद्य अष्टमी म्हणतो आणि उत्तरेकडे तिलाच भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. तुम्ही पाहिलेली यादी बहुधा उत्तरेकडची असावी. मराठी पंचांग धरा, आणि वहीत ‘भाद्रपद वद्य’ असे लिहिताना शेजारी ‘मराठी पंचांग’ अशी नोंद ठेवा.

मृत्यूची तिथी पुण्यातली, मृत्यूच्या क्षणी चालू असलेली घ्या. सूर्योदयाची तिथी दिनदर्शिकेत मोठ्या अक्षरात असते आणि लोक तीच उतरवून घेतात. पण दुपारी तिथी बदललेली असू शकते, म्हणून वेळ मिनिटासकट लिहून ठेवा. दरवर्षी श्राद्ध करताना मात्र तुमच्या गावी अपराह्णात ती तिथी कधी आहे ते पाहायचे. अपराह्ण म्हणजे दिवसाच्या पाच भागांपैकी चौथा. पुण्यातला दिवस आणि तुमचा दिवस कधी एक येईल, कधी एकाने मागेपुढे होईल. दोन्ही घरांनी हट्टाने एकच तारीख धरायची गरज नाही.

आईच्या स्मरणार्थ छोटी पुस्तिका काढायची आहे. छापखान्याने विचारले, पाने किती? काय सांगू? आणि आत काय लिहायचे? (सांगली)

मधोमध पिना मारून बांधायची असेल तर पाने चारच्या पटीत येतात: १२, १६, २०. सोळा पाने पुरेशी आहेत. साडेपाच बाय साडेआठ इंची पानावर १४ पॉइंट अक्षरात सव्वादोनशे ते अडीचशे शब्द बसतात. मुखपृष्ठ, फोटो आणि वंशावळ सोडून बारा पाने मजकुराला मिळतात, म्हणजे तीन हजार शब्दांच्या आत. अक्षर याहून बारीक करू नका. वाचणारे निम्मे लोक तिच्या वयाचे असणार.

मजकूर युनिकोडमध्ये टंकून द्या. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये तो बदलताना रफार आणि जोडाक्षरे मोडतात. ‘धर्म’, ‘सूर्य’, ‘श्री’, ‘दुसऱ्या’ हे शब्द मुद्रितात आधी शोधा. ते ठीक तर बाकीचे बहुधा ठीक असते. माणसांची नावे दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. स्वतःच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही, आणि स्मरणपुस्तिकेत एखाद्या सुनेचे नाव राहिले तर ते वर्षानुवर्षे सलते.

फोटो अडीच बाय साडेतीन इंचाचा असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. तो पाच बाय सात इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. व्हॉट्सॲपवरून पाठवायचा तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर त्यातला तपशील दाबला जातो आणि छापल्यावर चेहरा मेणाचा दिसतो.

आता मजकूर. ‘ती अत्यंत धार्मिक होती’ हे वाक्य खोडा आणि तिची पहाट लिहा. किती वाजता उठायची, सडा आधी की अंघोळ आधी, फुले कोणत्या झाडाची, हरिपाठ पाठ होता की वाचून म्हणायची, नैवेद्याला रोज काय, एकादशीला पाणी तरी घ्यायची का, तुळशीची माळ किती वर्षे गळ्यात होती, पंढरीची वारी केली तर कोणत्या दिंडीतून. पाय दुखायला लागल्यावर वारीऐवजी काय सुरू केले, हे तर जरूर लिहा. म्हातारपणी भक्तीचे रूप बदलते आणि माणूस त्यातच जास्त दिसतो. तसेच स्वयंपाकाचे. ‘सुगरण होती’ म्हणू नका, पुरणात जायफळ घालायची की वेलदोडा, गूळ किती, कटाच्या आमटीचा काळा मसाला कोणत्या महिन्यात कुटायची, हे लिहा. तिच्या हाताचे माप ‘ओंजळ’ असेल तर ओंजळच लिहा आणि शेजारी घरातल्या एका बाईच्या ओंजळीचे वजन ग्रॅममध्ये द्या.

तिचा राग, तिचे हट्ट, सोवळ्याओवळ्याचा जाच हेही थोडे येऊ द्या. एवढ्या मोठ्या आयुष्यात ते होतेच, आणि ते गाळले तर वाचणाऱ्या जावा-भावजया बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाहीत.

मावशीने आयुष्यभर गुपचूप मदत केली. कोणाची फी, कोणाचे बाळंतपण, कोणाचे औषध. हे छापावे का? (सावंतवाडी)

मदत छापा, घेणाऱ्याचे नाव छापू नका. ‘वाडीतल्या चार मुलींची दहावीपर्यंतची फी’ एवढे पुरते. मात्र चार मुलींची वाडी छोटी असेल तर नाव न देताही ओळख पटते. तिथे गावाचे नावही गाळा. स्वतः पुढे येऊन सांगणाऱ्याचे नाव द्यायचे असेल तर छापण्यापूर्वी त्याच्याकडून तो मजकूर वाचून घ्या. आज त्याची मुले-सुना काय म्हणतील हे त्यालाच ठाऊक. उसने दिलेले आणि परत न आलेले पैसे याचा उल्लेख कुठल्याही रूपात नको.

रकमा लिहायच्या तर तिच्या मिळकतीच्या हिशेबात लिहा. ‘१९६८ साली ३० रुपये दिले’ वाचून आजच्या मुलाला काहीच वाटत नाही. तेव्हा तिच्या हातात महिन्याला किती यायचे आणि त्यातले ३० गेल्यावर घरात काय कमी पडले, ते सांगा. किराणा दुकानाची खतावणी, पोस्टाचे पासबुक, मनिऑर्डरच्या पावत्या यांत हे सापडते. तिच्या ट्रंकेतले कागद तेराव्याच्या आत कोणी आवरायला घेतले तर थांबवा. सगळ्यात आधी रद्दीत जातात त्या याच पावत्या.

तिच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवायचा विचार असेल तर आकडा आधी मांडा. दोन लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १३,००० येतात. सगळे व्याज दरवर्षी वाटले तर महागाईने वीस वर्षांत त्या बक्षिसाचा जीव उरत नाही. ९,००० वाटा, ४,००० मुदलात टाका, आणि हे संस्थेला लेखी द्या. देणगी चेकने द्या. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर करसवलत मिळत नाही.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आता फक्त तिच्या धाकट्या बहिणीला येतात, त्याही तुटक. कशा टिपाव्या? (सिन्नर)

या आठवड्यात जा. बाकी सगळी कामे मागे ठेवता येतात, हे नाही.

त्यांना खुर्चीत बसवून ‘म्हणा’ म्हणू नका. ओवी हाताच्या लयीबरोबर आठवते. जाते असेल तर मूठभर दाणे घालून फिरवू द्या. जोर लागत नसेल तर तुम्ही खुंट्याला हात लावा. जाते नसेल तर निवडायला सूप द्या, तेही चालते. जात्याची घरघर आवाज झाकते, म्हणून फोन जात्यापासून दूर, पण त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या कापडावर ठेवा. जमिनीवर ठेवला तर थरथर टिपली जाते. फोन विमान मोडवर, पंखा बंद. वीस-पंचवीस मिनिटांत त्या थकतील. तेवढेच करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. रात्री अंथरुणात आणखी चार ओव्या आठवलेल्या असतात.

अडल्या तर विषय सुचवा. ओव्या विषयांच्या माळेने येतात: आधी देवांच्या, मग आईबापाच्या, भावाच्या, लेकाच्या, सासरच्या, पंढरीच्या. ‘भावाची एखादी?’ म्हटले की धागा सापडतो.

लिहून घेताना शब्द सुधारू नका. ‘पंढरी’ला त्या जे म्हणतात तेच लिहा, अनुस्वारासकट. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारीचे नाव आणि गावही जपले. तुम्हीही प्रत्येक ओवीखाली दोन नावे लिहा: म्हणणारी कोण आणि तिने ती कोणाकडून उचलली. तुमच्या आजीचे नाव या दुसऱ्या जागी येईल. फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग नाव. आणि तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात.

आजीच्या पोथीला कसर लागली आहे. पाने तेलकट, कुंकवाचे डाग, काही चिकटलेली. लॅमिनेशन करून घेऊ का? (राजापूर)

कृपा करून नको. लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिक गरम करून कागदावर वितळवतात. ते पुन्हा निघत नाही, आणि आत कोंडलेल्या तेलाने कागद पिवळा होतच राहतो. सेलोटेपही नको, चारपाच वर्षांत त्याचा डिंक तपकिरी होऊन अक्षरांत मुरतो.

आधी कसर मारा. पोथी सुती कापडात गुंडाळा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. घाईने उघडली की गार कागदावर दव धरते आणि बुरशी येते. फ्रीझरमध्ये मासे असतील आणि मनाला पटत नसेल तर शेजारच्यांचा रिकामा कप्पा मागा, पण फवारा मारू नका.

मग मऊ, कोरड्या ब्रशने शिवणीपासून कडेकडे झाडा. चिकटलेली पाने ओढू नका, वाफ देऊ नका, शाई विरघळते. तशीच राहू द्या. प्रत्येक पानाचा खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो घ्या. जिथे तिने समासात खूण केली असेल, एखाद्या ओळीशी तुळशीचे पान ठेवले असेल, तिथे पान उचलण्याआधी फोटो घ्या. तेलाचे आणि कुंकवाचे डाग काढायच्या भानगडीत पडू नका. कोणते पान सगळ्यात जास्त मळले आहे, यावरून ती काय वारंवार वाचायची ते कळते.

कोकणातल्या दमट हवेत लोखंडी कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, वीतभर मोकळी जागा सोडा. सिलिका जेलची पुडी ठेवलीत तर पावसाळ्यात ती महिन्याला बदला. ओली झालेली पुडी काही कामाची नाही.

आजी दरवर्षी वारकऱ्यांना जेवू घालायची. यंदा तिच्या नावाने पालखीच्या वाटेवर २०० माणसांना फराळ द्यायचा आहे. प्रमाण सांगा. (फलटण)

आधी पंचांग उघडा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, त्यामुळे वाटेत ज्येष्ठ वद्य एकादशी येतेच. त्या दिवशी पोहे-उपमा केलात तर वारकरी हात जोडून पुढे जातील आणि कढई भरलेली राहील. फलटणपर्यंत एकादशी उलटून गेलेली असते, तेव्हा तुमच्याकडे पिठले-भाकरी चालेल. दिंडीच्या विणेकऱ्याला किंवा चालकाला आधी फोन करून विचारा. मोठ्या दिंड्यांचा स्वयंपाक त्यांचा त्यांचा असतो. त्यांना पाणी, चहा, पायाला चोळायला तेल, चपलेला दोन टाके घालून देणारा माणूस यांची जास्त गरज असते.

एकादशीचाच मुक्काम धरायचा असेल तर साबुदाणा खिचडी, माणशी दीडशे ग्रॅम: साबुदाणा १२ किलो, शेंगदाण्याचा कूट ५ किलो, बटाटे ४ किलो, तूप किंवा शेंगदाणा तेल २ लिटर, हिरव्या मिरच्या ६०० ग्रॅम, जिरे २०० ग्रॅम, मीठ पाव किलोच्या आसपास. साबुदाणा तीनदा धुऊन पिठूळ पाणी काढा आणि परातींतून दोन बोटे थरातच भिजवा. एका पिंपात १२ किलो भिजवला की तळाचा वरच्या वजनाने चेपून लगदा होतो, वरचा कोरडा राहतो. कूट आणि मीठ साबुदाण्याला कढईत टाकण्याआधी कोरडेच चोळून घ्या, दाणे सुटे राहतात. एका वेळी तीन किलोच परता. झाकण घालून वाफ दिली की गोळा झालाच. गरम खिचडी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरू नका, दुपारपर्यंत आंबते. द्रोणातून लगेच द्या.

आजीची सात नऊवारी लुगडी आहेत, नाती पाच. गोधडी करता येईल का? (परभणी)

येईल. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एका लुगड्यात चार पदरी, एका माणसाची पातळ गोधडी होते. पाच नातींना पाच, आणि उरलेल्या दोन लुगड्यांतून प्रत्येकीला एकेक जास्तीचा थर घालता येईल. रेशमी लुगडे असेल तर ते यात घेऊ नका.

सगळी लुगडी आधी वेगवेगळी धुवा. ओले पांढरे फडके घासून रंग जातो का पाहा. रंग जाणारे लुगडे आतल्या थराला नको, तो वरच्या कापडावर उतरतो. थर पसरून आधी आडवा-उभा कच्चा टाका घाला, नाहीतर शिवत जाल तसा मध्ये फुगा येतो. मग कडेपासून आत, बोटभर अंतरावर धावदोरा. दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा दोरा जुन्या कापडाला कापत जातो आणि पहिल्याच धुण्यात ओळीने फाटते. काठ आणि पदर वरच्या बाजूला दिसतील असे लावा. जिथे विरले आहे तिथे ठिगळ वरून लावा, आतून नको. आतले ठिगळ विरलेल्या कापडाला धरत नाही.